दुसऱ्याच्या कन्सेप्टवरून पोर्टफोलिओ पीस करणं चोरी आहे का? जरा सविस्तर उत्तर

आधी तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू थ्रीडी शिकतोयस, गेम स्टुडिओत प्रॉप (गेममधल्या वस्तू) आणि एनव्हायर्नमेंट (गेममधल्या जागा) आर्टिस्ट म्हणून लागायचंय. आर्टस्टेशनवर (कलाकार आपलं काम टाकतात ती वेबसाइट) एका परदेशी आर्टिस्टचं कन्सेप्ट, म्हणजे वस्तू किंवा जागा कशी दिसावी हे ठरवणारं चित्र, आवडलं, दीपगृह आणि त्याला चिकटून रखवालदाराचं घर, आणि ते तू अनरियल या गेम इंजिनमध्ये अर्धंअधिक उभंही केलंयस. आता मित्र म्हणतो ही सरळ चोरी आहे, क्लासमधले सर म्हणतात डिझाइन स्वतःचंच हवं नाहीतर कोणी विचारणार नाही, आणि त्या आर्टिस्टला मेसेज केलास तर त्याचं काही उत्तर नाही. पुढे करू की सोडून देऊ, असं विचारलंयस.

सोडू नको, पूर्ण कर. पण मित्र आणि सर दोघंही अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत आणि तू दोन्ही एकत्र करून घाबरलायस असं मला वाटतं. मित्राचा मुद्दा परवानगी आणि नाव देण्याचा आहे, सरांचा मुद्दा नोकरीचा आहे. आणि दोन्हीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, की तुझा पीस बघणाऱ्याला यातले कुठले निर्णय तुझे आणि कुठले दुसऱ्याचे हे न विचारता कळतंय का. ते कळत असेल तर बहुतेक गोष्टी ठीक होतात. ते लपवलं, किंवा नुसतं सांगायचं राहून गेलं, तर चांगलं झालेलं कामसुद्धा अंगाशी येतं.

मी पुण्यात बरीच वर्षं एनव्हायर्नमेंट आर्ट करतेय, आधी प्रॉडक्शनमध्ये, आता टीम बघते आणि भरतीच्या वेळी आलेले पोर्टफोलिओ माझ्याकडेही येतात. त्यामुळे जे लिहितेय ते थ्रीडीवाल्यांच्या बाजूने आहे. आपल्याकडचं गेम आर्टचं बरंचसं काम आउटसोर्सिंगचं आहे, क्लायंट बाहेरचा असतो, आणि असाइनमेंट येते तेव्हा त्यात कन्सेप्ट शीट, स्टाइल गाइड, पॉलीगॉनचं बजेट (मॉडेल किती तुकड्यांत बसवायचं ती मर्यादा), टेक्श्चरची (मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवायच्या चित्राची) साइज असं सगळं ठरवूनच आलेलं असतं. छत किती बाहेर आलंय, लाकूड कुठे झिजलंय, लोखंडाला गंज किती, हे कुणीतरी आधीच विचार करून ठरवलंय, आणि तुझं काम म्हणजे ते नेमकं वाचायचं आणि बजेटमध्ये बसवून इंजिनमध्ये उभं करायचं. फीडबॅकसुद्धा त्याच भाषेत येतो, की कन्सेप्टमध्ये बुरूज वर निमुळता होत जातोय आणि तुझा सरळ उभा आहे, दुरुस्त कर. बऱ्याच ठिकाणची आर्ट टेस्टही अशीच असते, एक कन्सेप्ट देतात, काही दिवस देतात, आणि तू ते कितपत पकडलंस ते बघतात. म्हणजे दुसऱ्याचं कन्सेप्ट घेऊन ते नीट उभं करणं हेच जर रोजचं काम असेल, तर तेच पोर्टफोलिओत दाखवण्यात कमीपणा कसला?

रेडिओवर भावगीत लागायचं तेव्हा निवेदक गीत कुणाचं, संगीत कुणाचं आणि स्वर कुणाचा हे तिन्ही सांगायचे. गायिकेने शब्द लिहिले नाहीत म्हणून तिचं गाणं कुणी कमी मानलं नाही, पण कवीचं नाव गाळलेलंही कुणी चालवून घेतलं नसतं. आपल्या कामातही एवढंच अपेक्षित आहे.

आता हे कशावर अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्यांना एकच उत्तर लागू होत नाही. तुला कन्सेप्ट आर्टिस्ट व्हायचं असतं तर मी सरांच्या बाजूने बोलले असते, कारण तिथे डिझाइन हेच विकायचं कौशल्य आहे, दुसऱ्याचं डिझाइन छान रंगवून दाखवलंस तर फक्त रंगवता येतं एवढंच कळतं. अभ्यास म्हणून केलेली कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये, 'स्टडी' असं स्पष्ट लिहून ठेवावी, मेन पोर्टफोलिओत नको. अ‍ॅनिमेटरचं उलट आहे, तो दुसऱ्याने केलेला रिग (कॅरेक्टर हलवायचा सांगाडा) वापरतो, नाव देतो, कुणाला काही वाटत नाही. लायटिंगवाले दुसऱ्याचा अख्खा सीन घेऊन फक्त प्रकाश करतात, तेही चालतं, फक्त मॉडेल्स कुणाची हे लिहायचं. थ्रीडी कॅरेक्टर, प्रॉप, एनव्हायर्नमेंट या तिन्हीत दुसऱ्याचं कन्सेप्ट घेणं अगदी रूढ आहे, आणि ज्युनिअर लेव्हलला मी तर ते मुद्दाम घ्या असं सांगते.

मुद्दाम का, ते सांगते. शिकणारा मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या डोक्यातून घर डिझाइन करते तेव्हा बहुतेक वेळा डिझाइनच कच्चं असतं, प्रमाण चुकतं, सगळीकडे सारखेच डिटेल्स टाकलेले असतात, नजर कुठे थांबावी ते कळत नाही. मग मी बघायला बसते तेव्हा मला कळतच नाही की हे मॉडेलिंग कमजोर आहे की डिझाइन. आणि शेजारी ताडून बघायला काही नसतं. चांगलं कन्सेप्ट शेजारी असलं की एका नजरेत कळतं, या व्यक्तीला प्रमाण पकडता येतं, सिल्हूट (बाहेरची आकृती) दिसतं, मटेरियल ओळखता येतं. तू स्वतः काम करतानाही तेच होतं, चूक कुठे आहे ते शोधायला काहीतरी पक्कं समोर असतं, 'काहीतरी बरोबर वाटत नाहीये' म्हणत आठवडे जात नाहीत.

तरी सरांचं एक म्हणणं मी अर्धं घेईन. पोर्टफोलिओतले सगळेच पीस दुसऱ्याच्या कन्सेप्टवर असू नयेत. एखादा पीस कुठल्याही कन्सेप्टशिवाय, थेट खऱ्या जागेवरून किंवा खऱ्या वस्तूवरून असावा, कारण कामात नेहमी छान रंगवलेली शीट मिळतेच असं नाही, कधीकधी क्लायंट चार फोटो आणि एक ओळ पाठवतो. त्यासाठी पूर्ण डिझायनर व्हायची गरज नसते. तू पुण्याच्या आसपास असशील तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दिवस घालव, दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, वाद्यं, प्रॉप आर्टिस्टला महिनोनमहिने पुरेल इतका खजिना आहे, फोटोचे तिथले नियम आधी विचारून घे. किंवा विश्रामबाग वाड्याचं लाकडी काम बघ, १८०७ च्या सुमाराचं, दुसऱ्या बाजीरावाने बांधलेलं, त्यातला नुसता एक खण, खांब, महिरप आणि वरचा कडीपाट एवढंच नीट केलंस तरी मॉड्युलर किटचा (पुन्हा पुन्हा जोडता येणाऱ्या तुकड्यांच्या संचाचा) उत्तम पीस होतो. आणि असं काम शेकडो पोर्टफोलिओंत उठून दिसतं कारण ते दुसरं कुणी करत नसतं.

जुन्या चित्रकारांकडेही बघ. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्रावरचा कॉपीराइट संपतो. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं आता मोकळी आहेत, आणि त्यांनी त्या काळातलं मुंबईतलं रोजचं जगणं, पोशाख, माणसं इतकी बारकाईने रंगवली आहेत की कॅरेक्टर करणाऱ्याला ते तयार कन्सेप्ट आहे. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून त्यांच्या सार्वजनिक मालकीत आलेल्या वस्तूंचे फोटो कुठल्याही अटीशिवाय वापरायला दिलेत, त्यात भारतीय शस्त्रं आणि चिलखतंही आहेत. परवानगीची धाकधूक नको असेल तर हा सगळ्यात सुखाचा रस्ता आहे. नाव मात्र इथेही लिहायचंच.

आता कन्सेप्ट निवडायचं कसं, कारण माझ्या मते निम्मे पीस निवडतानाच बिघडतात. मुलं आर्टस्टेशनच्या पहिल्या पानावरचं सगळ्यात भारी दिसणारं चित्र उचलतात. ते बऱ्याचदा इलस्ट्रेशन असतं, कन्सेप्ट नसतं. धुकं, प्रकाशाचे झोत, ब्रशचे मोठे फटकारे, मूड जबरदस्त, पण जवळ जाऊन बघितलं तर खिडकी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नाही. थ्रीडीत आल्यावर त्यातला मूड निघून जातो आणि हातात काहीच उरत नाही. त्यापेक्षा साधी प्रॉडक्शन टाइपची शीट घे, जिथे आकार स्पष्ट आहेत, मटेरियल वेगवेगळी ओळखू येतात, शक्यतो दोन बाजू दाखवल्यात, आणि शेजारी एखादी माणसाची आकृती आहे. दिसायला ती कमी भारी असते पण त्यातून पीस जास्त चांगला होतो.

आकारमानही बघ. एकट्या माणसाला दोन-तीन महिन्यांत अख्खं शहर होत नाही, एक कोपरा होतो. अर्धवट राहिलेल्या गावापेक्षा नीट संपवलेलं एक दुकान कधीही बरं. आणि ज्या स्टुडिओंत अर्ज करायचाय त्यांची स्टाइल कुठली ते बघून घे, हाताने रंगवल्यासारखं स्टायलाइज्ड काम करणाऱ्याकडे गंजलेला फोटोरिअल जनरेटर पाठवून फारसा उपयोग नाही.

अजून एक, जे कन्सेप्ट आधीच खूप जणांनी केलंय ते टाळ. काही लोकप्रिय झोपड्या, काही ठरावीक तलवारी आम्ही इतक्यांदा बघितल्यात की समोर आलं की आपोआप आधीच्या सगळ्यात चांगल्या व्हर्जनशी तुलना होते. आर्टिस्टचं नाव आणि 'फॅन आर्ट' किंवा 'बेस्ड ऑन कन्सेप्ट बाय' असं टाकून शोध, दहा मिनिटांत कळेल कुणी केलंय का. तसंच एखाद्या प्रसिद्ध, रिलीज झालेल्या गेमच्या आर्टबुकमधलं कन्सेप्ट घेतलंस तर त्याचं फायनल मॉडेल गेममध्ये आहेच, मग तू कन्सेप्ट वाचलंस की तयार मॉडेल बघून केलंस हे बघणाऱ्याला कळत नाही. ज्या स्टुडिओचं कन्सेप्ट त्याच स्टुडिओत अर्ज करत असशील तर अजून अवघड, कारण समोर बसलेल्या माणसाने कदाचित तेच मॉडेल स्वतः केलेलं असतं.

निवडलं की मग वाचायचं. हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो, आणि ज्युनिअर मुलं इथेच घाई करतात. तुझंच दीपगृह घेऊ. पहिलं काम कॅमेऱ्याचं. एफस्पाय नावाचं फुकट टूल आहे, त्यात चित्रातल्या समांतर रेषा दाखवल्या की ते कॅमेऱ्याचा कोन आणि फोकल लेंग्थ काढून देतं, त्याच कॅमेऱ्यातून ब्लॉकआउट (साध्या ठोकळ्यांचं कच्चं मॉडेल) कर म्हणजे प्रमाण अंदाजाने नको. बरेच आर्टिस्ट परस्पेक्टिव्ह थोडं वाकवतात, ते तंतोतंत जुळणार नाही, तिथे डोळ्यावर विश्वास ठेव. मग स्केल. दरवाजा दोन मीटरच्या आसपास, कठडा एक मीटरच्या थोडा वर, पायरी सतरा-अठरा सेंटीमीटर, या तीन गोष्टी धरल्या की बाकी इमारत किती उंच ते निघतं. मी बघितलेल्या कितीतरी सीनमध्ये पायऱ्या गुडघ्याएवढ्या असतात, आणि मग कितीही सुंदर टेक्श्चर केलं तरी ते खेळण्यातलं घर वाटतं.

त्यानंतर विचार, की कन्सेप्ट आर्टिस्टने हे असं का काढलं असेल. बुरूज खाली रुंद आणि वर निमुळता का, तर खरी जुनी दगडी दीपगृहं लाटा आणि वाऱ्यासाठी बऱ्याचदा तशीच बांधायचे. वर काचेच्या खोलीत भिंगाची रिंगण-रिंगण दिसतात ती फ्रेनेल लेन्स, १८२० च्या दशकात फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी केलेली, म्हणजे एका जाड भिंगाऐवजी प्रिझमच्या कड्या एकात एक बसवलेल्या. हे माहीत असेल तर तू तिथे नुसता चमकणारा गोळा ठेवणार नाहीस. चित्रात आर्टिस्टने त्या जागी चार ब्रशस्ट्रोक मारलेत, ते उलगडून खऱ्या वस्तूपर्यंत जायचं काम तुझं. म्हणून प्युअररेफचा (संदर्भाची चित्रं एकत्र लावायच्या टूलचा) बोर्ड कन्सेप्ट मध्ये ठेवून त्याभोवती खऱ्या फोटोंनी भरला पाहिजे, दगडाचे थर, गंजलेले बोल्ट, खाऱ्या हवेने सोललेला रंग. कोकणात गेलास तर स्वतःच फोटो काढ, खांदेरीच्या किल्ल्यात १८६७ चं दीपगृह आहे, किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या बंदरात गंज आणि मीठ फुकट बघायला मिळतं. ज्यांच्या बोर्डवर फक्त दुसऱ्या थ्रीडी आर्टिस्टचे रेंडर असतात त्यांचं काम कॉपीची कॉपी होत जातं, ते लगेच दिसतं.

आणि मग चित्रात जे दाखवलंच नाहीये ते. घराची मागची बाजू, आतली खोली, छताखालचा जोड. इथे तुझे निर्णय सुरू होतात. मागच्या भिंतीला खिडकी असेल का, धुराडं कुठल्या खोलीतून येतं, पावसाचं पाणी कुठून वाहून जातं आणि त्याचा डाग कुठे पडेल. मी पोर्टफोलिओ बघते तेव्हा या जागा मुद्दाम शोधते, कारण पुढून सगळे नीट करतात. ज्याने मागची बाजूही पुढच्याच भाषेत बोलेल अशी केली, त्याला कन्सेप्ट खरंच कळलंय असं मी धरते. याशिवाय टेक्निकल निर्णय तर सगळे तुझेच, कुठला भाग मॉड्युलर, कुठे ट्रिम शीट (अनेक भागांना वापरायचं एकच पट्ट्यांचं टेक्श्चर), कुठे युनिक टेक्श्चर, टेक्सेल डेन्सिटी (टेक्श्चर किती बारीक) मीटरला ५१२ पिक्सेल की १०२४, कोलिजन (खेळाडू कशाला अडेल), एलओडी (लांबून दिसायची हलकी मॉडेल्स). हे ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे पीस कसा केला ते उलगडून दाखवणाऱ्या चित्रांत, दाखव. पीस 'तुझा' कशामुळे होतो याचं उत्तर तिथे असतं.

बदल करायचे का असंही तू विचारलं होतंस. थोडे चालतात, पण आधी जसंच्या तसं पकडून दाखव आणि मग बदल. प्रमाण पकडता आलं नाही म्हणून झालेला फरक आणि विचार करून केलेला फरक, बघणाऱ्याला दोन्ही सहज ओळखू येतात. दिवसाचं चित्र रात्रीचं केलंस, ऋतू बदललास, तर तसं लिही की लायटिंग माझं आहे. 'कॉपी वाटू नये म्हणून' उगाच एक खिडकी हलवणं आणि छताचा रंग बदलणं हे मात्र करू नको, त्याने डिझाइन बिघडतं आणि नाव द्यायची जबाबदारी काही कमी होत नाही.

आता मित्राचा मुद्दा. मी वकील नाही, पण कामापुरतं जे माहीत आहे ते सांगते. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम १४ मध्ये चित्राच्या मालकाचे जे हक्क दिलेत त्यात द्विमितीय कलाकृती त्रिमितीत आणणं हाही हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे 'मी तर थ्रीडी केलं, सगळे व्हर्टेक्स (मॉडेलचे बिंदू) माझे, मग ते नवीनच झालं' हा जो युक्तिवाद फिरत असतो तो टिकत नाही. परदेशी आर्टिस्टचं काम असलं तरी फरक पडत नाही, बर्न या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या देशांतल्या कामांना इथेही संरक्षण आहे. कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी, अभ्यासासाठी सूट आहे, त्यामुळे घरी बसून शिकायला केलंस तर प्रश्न नाही, पण सगळ्या जगाला दिसेल असं ऑनलाइन टाकणं त्या सुटीत बसतंच असं धरून चालू नये. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी कलाकाराचा आपलं नाव सांगण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो.

म्हणजे मित्र बरोबर का? कागदावर बराचसा. व्यवहारात मात्र आपल्या क्षेत्राची स्वतःची रीत आहे, आणि ती रीत अशी की पैसे न कमावता, पोर्टफोलिओसाठी, ठळक नाव आणि लिंक देऊन केलेल्या थ्रीडी पीसला बहुतेक कन्सेप्ट आर्टिस्ट आनंदाने हो म्हणतात. कितीतरी जणांनी प्रोफाइलवरच तसं लिहून ठेवलेलं असतं, म्हणून मेसेज करायच्या आधी ते वाच. पण ही त्यांची मेहेरबानी आहे, आपला हक्क नाही, हे डोक्यात ठेवून वागलं की पुढचं सगळं आपोआप नीट होतं. कुणी काढ म्हणालं तर वाद न घालता त्याच दिवशी काढायचं.

परवानगी मागताना मेसेज छोटा ठेव. इंग्रजीतच जाईल, पण मजकूर साधारण असा असावा, की मी अमुक, थ्रीडी एनव्हायर्नमेंटचा विद्यार्थी आहे, तुमचं हे कन्सेप्ट (लिंक) मला माझ्या पोर्टफोलिओसाठी अनरियलमध्ये करायचंय, विकणार नाही, डाउनलोडला ठेवणार नाही, तुमचं नाव आणि लिंक सगळ्यात वर असेल, चालेल का? बस. स्वतःची पूर्ण कहाणी, कौतुकाचे चार परिच्छेद, आणि 'माझ्या कामावर फीडबॅक पण द्या' हे पहिल्याच मेसेजमध्ये नको. आणि मॉडेल सुरू करायच्या आधी विचारायचं, अर्धं झाल्यावर विचारलं की नाही ऐकणं जड जातं. तू आधी सुरू केलंस, ठीक आहे, पुढच्या वेळी क्रम बदल.

उत्तर आलं नाही तर? गप्प राहणं म्हणजे होकार नाही, हे आधी. पण नकारही नाही, अनोळखी मेसेज बऱ्याचदा उघडलेच जात नाहीत. दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण कर, त्याच्या वेबसाइटवर ईमेल असेल तर तिथे कर. तरी काही आलं नाही तर मग ते कन्सेप्ट कुठलं आहे ते बघ. आर्टिस्टने स्वतःच्या हौसेचं, पर्सनल प्रोजेक्ट म्हणून काढलेलं असेल आणि त्याने कुठे 'वापरू नका' लिहिलं नसेल, तर नाव देऊन पोर्टफोलिओला टाकायला मी हो म्हणेन, कुणी हरकत घेतली तर लगेच काढायच्या तयारीने. स्टुडिओसाठी केलेलं असेल तर गोष्ट वेगळी, नोकरीत केलेल्या कामाचा मालक साधारणपणे स्टुडिओ असतो, आर्टिस्ट स्वतः हो म्हणाला तरी ते त्याच्या हातात नसतं. रिलीज झालेल्या गेमचं असेल तर फॅन आर्ट म्हणून सहसा चालवून घेतात. रिलीज न झालेल्या गेमचं लीक झालेलं चित्र असेल तर त्याला हातही लावू नको, आम्ही सगळे एनडीएखाली (गुप्ततेच्या कराराखाली) काम करतो आणि असं काही पोर्टफोलिओत दिसलं की तो माणूस आमचीही फाइल बाहेर टाकेल असंच वाटतं.

नाव कुठे लिहायचं याकडे लोक दुर्लक्ष करतात. वर्णनाच्या शेवटी, हॅशटॅगच्या खाली, 'थँक्स टू' म्हणून नाही. पहिल्या ओळीत, 'कन्सेप्ट अमुक यांचं' असं आणि त्या चित्राची थेट लिंक, नुसती प्रोफाइलची नाही. आर्टिस्टची हरकत नसेल तर ब्रेकडाउनमध्ये मूळ कन्सेप्ट आणि तुझा रेंडर एकाच अँगलने शेजारी शेजारी ठेव. मुलं हे टाळतात, फरक दिसेल म्हणून. मला उलट तेच आवडतं, ज्याने स्वतःहून तुलना समोर ठेवली त्याला आपल्या कामाची जाण आहे. शोरीलमध्येही (कामाच्या व्हिडिओतही) त्या शॉटवर खाली लिही, कारण आर्टस्टेशनवरचं वर्णन व्हिडिओबरोबर जात नाही, आणि पीडीएफ पाठवत असशील तर त्यातही.

हे मी इतकं लावून का धरतेय, तर भरतीत काय होतं ते बघितलंय म्हणून. एका उमेदवाराचं काम खरोखर चांगलं होतं, कन्सेप्टचा उल्लेख कुठेच नव्हता. पॅनलमधल्या एकाने ते मूळ चित्र ओळखलं. विचारलं की हे डिझाइन कसं सुचलं, तर तो क्षणभर थांबला आणि काहीतरी जुळवून सांगायला लागला. मॉडेलिंगसाठीच घ्यायचं होतं, डिझाइन त्याचं नसतं तरी काही बिघडत नव्हतं, एका ओळीने सगळं सुटलं असतं. पण त्यानंतर त्याच्या बाकीच्या पीसबद्दलही कुणालाच खात्री वाटेना. हे क्षेत्र छोटं आहे, लोक स्टुडिओ बदलतात, आणि चित्रं सगळ्यांनीच बघितलेली असतात.

थोडक्यात दोन-तीन गोष्टी अजून. दुसऱ्याच्या कन्सेप्टवरचं मॉडेल फॅब किंवा कुठल्याही मार्केटप्लेसवर विकायचं नाही, फुकट डाउनलोडलाही ठेवायचं नाही, थ्रीडी प्रिंट काढून विकायचं नाही. पैसा आला की ती रीत संपते आणि कायदा सुरू होतो. सीनमध्ये मेगास्कॅन्सचे (खऱ्या वस्तू स्कॅन करून केलेल्या तयार मॉडेल्सच्या संग्रहातले) दगड, झाडं वापरली असतील तर तेही लिही, त्यात लाज नाही, फक्त मुख्य वस्तू तुझ्या हातची हवी. एआयने काढलेलं चित्र कन्सेप्ट म्हणून घेऊ का असंही हल्ली विचारतात, माझा सल्ला नको असा आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आर्टस्टेशनवर कलाकारांनी केवढा निषेध केला होता, त्यातलेच लोक आज पोर्टफोलिओ बघतात. आणि तो वाद बाजूला ठेवला तरी त्या चित्रांत जिना भिंतीत शिरतो, कठड्याचा खांब मध्येच संपतो, त्यामागे कुणाचा विचारच नसतो, त्यामुळे 'हे असं का काढलं' हा जो वाचायचा भाग आहे तोच शिकायला मिळत नाही.

क्लासने अख्ख्या बॅचला एकच कन्सेप्ट दिलंय असं तू शेवटी लिहिलंयस. ते सरावाला कर, मन लावून कर, पण पोर्टफोलिओत टाकू नको, एकाच महिन्यात तेच घर पाच जणांकडून येतं आणि मग पाचही जण एकमेकांत हरवतात. टाकायचंच असेल तर त्यातला एक प्रॉप, शेगडी किंवा कंदील, घेऊन तो बाकीच्यांपेक्षा कितीतरी खोलात जाऊन कर.

तुझ्या दीपगृहाचं आता असं कर. तू दिलेली लिंक बघितली, ते त्या आर्टिस्टचं पर्सनल काम आहे आणि प्रोफाइलवर मनाई कुठे दिसली नाही, त्यामुळे एक आठवण पाठव आणि काम चालू ठेव. स्क्रीनशॉटमध्ये कठडा फार उंच आलाय आणि बुरुजाचा निमुळतेपणा कन्सेप्टपेक्षा निम्मासुद्धा नाहीये, टेक्श्चरला हात लावायच्या आधी हे दोन दुरुस्त कर. मागच्या बाजूला तू सध्या कोरी भिंत ठेवलीयस, तिथे लाकडं आणि तेलाची पिंपं ठेवायला उतरत्या छपराची एक पडवी बसेल असं मला वाटतं, पण ते तू ठरव. ब्लॉकआउट बदलला की त्याच कॅमेऱ्यातून काढलेला शॉट आणि कन्सेप्ट शेजारी लावून इथेच टाक, मी बघते.